जशी बचतीची वही, तशी पाण्या-धुराची वही

(इस्लामपूर येथे प्रभागसंघाच्या बैठकीत उत्पादक गटांसमोर केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आजचा विषय कागदावर फार जड दिसतो : ‘व्यवसायातील पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली व तिचे प्रमाणीकरण’. नाव ऐकून मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी पिशवी आवरायला लागल्यात, ते मला दिसतंय. जरा बसा. यातलं निम्मं काम तुम्ही दर आठवड्याला करताच. फक्त ते पैशांसाठी करता. तेच काम पाणी, धूर, जळण आणि कचरा यांच्यासाठी करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय आत्ता का काढला, ते आधी सांगते. आपल्यातले काही गट आता गावच्या बाजारापुरते राहिलेले नाहीत. कुणी कंपनीच्या कॅन्टीनला चटणी देतंय, कुणी मोठ्या दुकानाला पापड, कुणी परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला हळद. अशा खरेदीदाराकडून एक छापील फॉर्म येतो. त्यात एक रकाना असतो : ‘आयएसओ १४००१ आहे का?’ मग आपण दोनपैकी एक करतो. एक तर रकाना कोरा सोडतो आणि ऑर्डर हातची जाते. नाहीतर कुणीतरी फोन करतो, ‘ताई, आठ दिवसांत सर्टिफिकेट देतो, एवढे पैसे भरा’, आणि गटाच्या खात्यातले पैसे जातात. आज मला तुम्हाला तिसरी वाट सांगायची आहे.

आयएसओ १४००१ म्हणजे काय? आयएसओ ही जिनिव्हाची संस्था. वेगवेगळ्या देशांच्या मानक संस्था तिच्या सभासद आहेत. कोणत्याही धंद्याने पर्यावरणाची काळजी कशी घ्यावी याची एक पद्धत तिने १९९६ साली लिहून काढली आणि तिला १४००१ हा नंबर दिला. पुढे २००४ आणि २०१५ साली त्यात सुधारणा झाल्या. ‘तुम्ही इतकंच लिटर पाणी वापरा’ असं हे मानक सांगत नाही. ते सांगतं की तुमच्या कामामुळे काय बिघडतं ते तुम्हीच शोधा, काय करणार ते ठरवा, करा, तपासा, चुकलं असेल तिथे सुधारा आणि पुन्हा पहिल्यापासून बघा. ठरवा, करा, तपासा, सुधारा. मोठ्या कारखान्याला हेच आणि दहा बायकांच्या गटालाही हेच.

आता आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. बँकेचे साहेब गटाला कर्ज देताना काय बघतात? दारावरचा बोर्ड बघत नाहीत. वही मागतात. बैठका झाल्या का, सह्या आहेत का, थकबाकी असेल तर तिच्यावर काय ठराव केला, हे बघतात. मग ग्रेड ठरते. पर्यावरणाच्या पद्धतीचंही तसंच आहे. फक्त इथे बचत पाण्याची आणि विजेची, आणि थकबाकी म्हणजे आपण ओढ्यात, हवेत नि शेजाऱ्याच्या दारात सोडलेली घाण.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. तिथल्या पंपांच्या कारखान्याने हे मानक राबवून त्याचं प्रमाणपत्र घेतलेलं आहे. तुम्ही म्हणाल, ते एवढे मोठे, आपण कुठे? पण त्यांना जे प्रश्न विचारले जातात, तेच आपल्याला विचारतील. उत्तरं तेवढी आपली लहान असतील.

चला, ती उत्तरं कशी तयार करायची ते बघू. समजा आपला कांदा-लसूण चटणीचा गट आहे. दहा जणी, एक शेड, एक कांडप यंत्र, भाजायला मोठी कढई, पाकिटं बंद करायचं मशीन.

पहिलं काम : गटाचं धोरण लिहा. एका ठरावात मावतं. त्यात तीन वचनं हवीत. आमच्या कामातून पाणी, हवा, जमीन खराब होऊ देणार नाही. लागू असलेले कायदे पाळू. आणि दरवर्षी आधीपेक्षा सुधारू. इतिवृत्तात लिहा, दहाही जणींच्या सह्या घ्या आणि शेडमध्ये सगळ्यांना वाचता येईल असं लावा. जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा. तपासणीला येणारा माणूस कोपऱ्यातल्या मावशीलाच विचारणार, ‘तुमच्या गटानं काय ठरवलंय?’

दुसरं काम : सकाळी शेड उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लावेपर्यंत काय आत येतं आणि काय बाहेर जातं, ते उभं राहून लिहा. आत येतं : मिरची, कांदा, लसूण, खोबरं, तेल, मीठ, पाणी, वीज, गॅस किंवा लाकूड, पोती, पाकिटं. बाहेर जातं : चटणी तर जातेच. पण सोबत मिरचीचा खकाणा, भाजण्याचा धूर, देठं, कांद्या-लसणाची साल, भांडी धुतलेलं तेलकट पाणी, राख, पाकिटांचे तुकडे, फाटकी पोतीही जातात. चटणीचा हिशेब आपण ठेवतो. बाकीच्याचा कुणी ठेवत नाही. हे सगळं नवीन वहीत उतरवा.

तिसरं काम : प्रत्येकाला मार्क द्या. किती वेळा घडतं याला एक ते तीन, किती नुकसान होतं याला एक ते तीन, आणि दोन्हींचा गुणाकार करा. खकाणा हंगामात रोज उडतो, म्हणजे तीन. शेजारच्या अंगणवाडीतली पोरं खोकतात, म्हणजे पुन्हा तीन. झाले नऊ. तेलकट पाणी रोज, तीन, नुकसान मध्यम, दोन, झाले सहा. फाटकी पोती महिन्यातून एकदा आणि ती विकली जातात, म्हणजे एक. आता कशाला आधी हात घालायचा यावर वाद उरत नाही. सगळं एकदम करायला जाल तर काहीच होणार नाही. नऊवाल्यापासून सुरुवात करा.

चौथं काम कायद्याचं. इथे घाबरू नका, पण टाळूही नका. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. प्रदूषण किती होतं त्यावरून उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा असे गट केलेले आहेत. आपलं काम कोणत्या गटात बसतं आणि संमतीपत्र लागतं की नुसतं कळवून भागतं, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात लेखी विचारा आणि आलेलं उत्तर फाईलला लावा. प्लास्टिकचंही बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ बंद आहेत. जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. फरसाण, भजी तळणाऱ्यांनी आणखी एक : तळून तळून काळं झालेलं तेल पुन्हा वापरायला मर्यादा आहे आणि ते गटारात ओतायचंही नाही. असं तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची व्यवस्था अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून सुरू केली आहे.

पाचवं काम : उद्दिष्ट ठरवा, पण मोजता येईल असं. ‘प्रदूषण कमी करू’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘दिवाळीपर्यंत कांडप यंत्राच्या तोंडाला कापडी पिशवी आणि खोलीला पंखा-नळी बसवू; जबाबदारी अमुक ताईंची; खर्च अमुक; बघणार कोष अध्यक्षताई’ हे उद्दिष्ट. काय, कोण, कधी, किती पैशांत. कर्जाच्या ठरावात जसं लिहितो, अगदी तसंच.

सहावं काम रोजचं : मोजणं. वहीत रकाने पाडा. तारीख, किती किलो माल झाला, मीटरचा आकडा, पाण्याच्या किती टाक्या, किती गॅस किंवा किती लाकूड, कचरा किती आणि कुठे गेला, काही विशेष घडलं का, सही. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि बघताना एक चलाखी शिका. नुसतं बिल बघू नका, किलोमागे बघा. समजा एका महिन्यात ४०० किलो चटणीला १२० युनिट वीज लागली. म्हणजे किलोला ०.३० युनिट. पुढच्या महिन्यात ४५० किलोला १२६ युनिट लागली. बिल वाढलेलं दिसतं, पण किलोमागे ०.२८ युनिट झाली. म्हणजे आपण सुधारलो. उलटंही होतं : बिल कमी आलं म्हणून आपण खूश, पण मालच कमी झालेला असतो. साखर कारखान्यांनासुद्धा सरकारने २०१६ च्या नियमात असंच बांधलंय. प्रक्रिया करून बाहेर सोडायचं सांडपाणी एक टन ऊस गाळपामागे १०० लिटरच्या वर जाता कामा नये. टनामागे, किलोमागे, पाकिटामागे. हिशेब असा मांडला की फसवणूक होत नाही, दुसऱ्याची नाही आणि स्वतःचीही नाही.

गळका नळ हा सगळ्यात सोपा धडा. नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा. तासात भरली, तर दिवसाला ३६० लिटर पाणी गेलं. वॉशर काही रुपयांचा असतो.

सातवं काम : वाईट वेळेची तयारी. हे मी आपल्या तालुक्याला सांगायची गरज नाही. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा. ऑगस्ट २०१९ चा पूर आणि जुलै २०२१ चा पूर दोन्ही आपण अंगावर घेतलेत. पर्यावरणाच्या मानकात ‘आणीबाणीची तयारी’ असा वेगळा भागच आहे. आपल्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. पाणी चढायला लागलं की तेलाचे डबे, फिनेल, चुना, गॅसची टाकी, मिरचीची पोती कोणत्या उंच जागी जाणार? मेन स्विच कोण बंद करणार? चावी कुणाकडे? फोन कुणी कुणाला करायचा? हे भिंतीवर लिहा आणि पावसाळ्याआधी एकदा करून बघा. तेलाचा डबा पुरात वाहून गेला, तर नुकसान आपलं होतंच, पण खालच्या गावच्या पाण्यातही ते जातं.

पाण्याचं निघालंच आहे तर बोलूनच टाकते. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या बाजूला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आणि जमिनीचं म्हणाल, तर उसाला पाटानं भरमसाट पाणी देऊन आपल्या वाळवा तालुक्यातली किती रानं क्षारपड झालीत, ते तुमच्याच बांधावर दिसतं. मोठ्यांनी नदी खराब केली, आपल्या दोन बादल्यांनी काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण आपली दोन बादली नदीत नंतर जाते. आधी ती आपल्याच गल्लीच्या गटारात, आपल्याच विहिरीशेजारी मुरते. आणि मोठ्या कारखान्याला ‘तुमचा हिशेब दाखवा’ असं ग्रामसभेत उभं राहून विचारायचं असेल, तर स्वतःची वही हातात असलेली बाई जास्त जोरानं विचारू शकते.

आठवं काम : तपासणी. आपलं काम आपणच तपासायचं नाही. या गावच्या गटानं त्या गावच्या गटाचं दप्तर आणि शेड बघावी, त्यांनी यांची. वर्षातून दोनदा. चुका काढायला नव्हे, वहीत लिहिलंय तसं खरंच चाललंय का ते बघायला. आणि उणीव सापडली की बाईवर खापर फोडू नका. ‘का?’ विचारत चला. शोषखड्डा भरून वाहिला. का? कांद्याची साल अडकली. साल का गेली? मोरीची जाळी तुटली होती. तुटलेली का राहिली? ती बघायचं काम कुणाकडेच नव्हतं. आता उपाय सापडला : नवी जाळी, आणि दर सोमवारी ती बघणाऱ्या ताईचं नाव. नुसता खड्डा उपसला असता, तर महिन्यानं पुन्हा भरला असता. सालीचंही तसंच. गांडूळ खताच्या बेडला दिली तर खत, मोरीत गेली तर घाण.

तुम्हाला संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आठवत असेल. आपल्याच जिल्ह्यातले, अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना सुरू झालेलं. बायकांनीच ते डोक्यावर घेतलं होतं. त्यातून एक गोष्ट आपण शिकलो. तपासणी समिती येणार म्हणून गाव झाडणं वेगळं, आणि समिती गेल्यावरही गाव स्वच्छ राहणं वेगळं. ज्या गावांनी सवय लावून घेतली ती टिकली. पर्यावरणाचं प्रमाणपत्रही एकदाच मिळून संपत नाही. ते तीन वर्षांचं असतं आणि मधे दरवर्षी तपासायला येतात. वही मधेच बंद पडली असेल, तर पहिल्या पानावरच कळतं.

आता प्रमाणपत्राचं. हे नीट ऐका, कारण पैसे इथेच बुडतात.

एक. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. ‘मी आयएसओकडून आलोय’ असं कुणी म्हणालं, की तिथेच थांबा. प्रमाणपत्र वेगळ्या प्रमाणन संस्था देतात, आणि अशा संस्थांना मान्यता देणारं आपल्याकडचं मंडळ म्हणजे एनएबीसीबी. भारतीय मानक ब्यूरोही हे प्रमाणपत्र देतं. येणाऱ्या माणसाला विचारा, ‘तुमच्या संस्थेला मान्यता कुणाची? नंबर द्या.’ नंबर घ्या आणि सीआरपी ताईंच्या मोबाईलवर तपासा.

दोन. खरी तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी कागद बघतात, मग शेडवर येऊन काम बघतात, बायकांशी बोलतात. शेड न बघता जो कागद देतो, त्याचा कागद चुलीत घालायच्या लायकीचा. खरेदीदारही तो मानणार नाही.

तीन. शिकवणारा आणि तपासणारा एकच नसावा. जो तुमची फाईल तयार करून देतो तोच पास करणार असेल, तर ती परीक्षा कसली?

चार. हे प्रमाणपत्र चटणीला नसतं, काम करण्याच्या पद्धतीला असतं. पाकिटावर ‘आयएसओ प्रमाणित चटणी’ असं छापायचं नाही, आयएसओचं चिन्हही वापरायचं नाही. आणि अन्न परवान्याची जागा हे घेत नाही. एफएसएसएआयची नोंदणी वेगळी, ती हवीच.

पाच. प्रमाणपत्रावर पत्ता आणि काम लिहिलेलं असतं. एका शेडच्या कागदावर दुसऱ्या गावच्या गटानं माल विकायचा नाही.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक गटाला प्रमाणपत्राची गरज नाही. गावच्या बाजारात विकणाऱ्या गटाने फक्त वही ठेवावी, त्यातच फायदा आहे. खरेदीदार लेखी मागत असेल आणि त्या ऑर्डरीतून दरवर्षीची फी निघत असेल, तरच खर्च करा. आधी त्याला विचारा, ‘प्रमाणपत्रच हवं, की आमची वही आणि पाहणी चालेल?’ बऱ्याचदा लहान गटाकडून खरेदीदाराला तेवढंच पुरतं. एका सामाईक केंद्रात, एका व्यवस्थापनाखाली अनेक गट काम करत असतील, तर त्या केंद्राचं एकच प्रमाणपत्र घेण्याचा विचार प्रभागसंघानं करावा.

पहिली पायरी म्हणून झेड प्रमाणपत्राचाही पर्याय आहे. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची ही योजना, ‘दोष शून्य, दुष्परिणाम शून्य’ अशी. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पायऱ्या. उद्यम नोंदणी असेल तरच घेता येते, आणि उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. सूक्ष्म उद्योगांना फीमध्ये ८० टक्के सवलत, आणि महिलांच्या उद्योगांना पूर्ण सवलत सरकारने जाहीर केलेली होती. सध्या काय चालू आहे, हे सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच अर्ज करा.

‘लिज्जत’चं नाव तुम्हाला माहीत आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं. पापड तपासून घ्यायची शिस्त मात्र त्यांनी धरून ठेवली. नाव शिस्तीनं मोठं झालं.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक उत्पादक गटाने तीन गोष्टी आणायच्या. आत काय येतं आणि बाहेर काय जातं याची यादी, मार्कांसकट. नऊ मार्कवाल्या गोष्टीवर एक ठराव, नाव आणि तारखेसह. आणि महिनाभर भरलेली वही, किलोमागचा आकडा काढून. ज्यांना रकाने पाडायला अडचण येईल, त्यांनी आपापल्या सीआरपी ताईंना गाठा. जोडीला कोणतं गाव कुणाचं तपासणार, हे आज चहाच्या आधीच ठरवून टाकू. आणि मधल्या काळात ‘आठ दिवसांत सर्टिफिकेट’ असा फोन आला, तर त्याला म्हणा, ‘दादा, आमची वही बघायला या.’ खरा असेल तर येईल.